दुबईला दोघंही शिकवायला जाताय? आधी कागदांवरची नावं जुळवा

अमिरातीतल्या भारतीय बोर्डाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या ऑगस्टअखेर. नवरा-बायको दोघंही शिक्षक असतील आणि ऑगस्टला रुजू व्हायचं असेल, तर कागदांना जानेवारीतच हात घाला. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत थांबलेले लोक जूनमध्ये अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: नाव.

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि पुढे आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. पुरुषांचं यात निभावून जातं. बायकांची खरी अडचण होते, कारण पदवी आणि बी.एड. माहेरच्या नावाने, शाळेचं अनुभवपत्र सासरच्या नावाने आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच. पासपोर्ट अजून माहेरच्या नावाने असेल तर कृपा करून तो बदलू नका. पदवीशी जुळणारा पासपोर्ट हा मोठा आधार आहे. पती-पत्नीचं नातं लग्नाचा दाखला सिद्ध करतो. नाव आधीच बदललं असेल तर लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नोंद दोन्ही जवळ ठेवा, आणि अनुभवपत्र पासपोर्टवरच्याच नावाने घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, तेही बघा. फक्त एकच शब्द नाव म्हणून असलेला पासपोर्ट अमिरातीत नोव्हेंबर २०२२ पासून चालत नाही.

लग्नाची नोंदणी राहून गेलेली जोडपी ठाण्यातही भरपूर आहेत. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवळातलं प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही. महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात लग्नपत्रिका, फोटो, भटजींची सही आणि तीन साक्षीदार घेऊन जा. दाखल्यावर इंग्रजी मजकूर आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. नुसता मराठी दाखला मिळाला तर भाषांतराची एक पायरी वाढते.

आता अटेस्टेशन, म्हणजे कागद खरे असल्याचं सरकारी साक्षांकन. अमिरात हेग करारात नाही, म्हणून अपोस्टिलवर, म्हणजे त्या करारातल्या देशांत चालणाऱ्या एकाच शिक्क्यावर, भागत नाही. पदवी आधी विद्यापीठाकडून पडताळली जाते, मग मंत्रालयात उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट तुमच्या हातून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. ओमान किंवा बहरीनला जाणाऱ्यांचं काम मात्र अपोस्टिलवर होतं. म्हणून देश पक्का झाल्याशिवाय एजंटला पैसे देऊ नका.

यात सगळ्यात जास्त नडतं ते लॅमिनेशन. पदवी खराब होऊ नये म्हणून आईवडिलांनी प्रेमाने प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवलेली असते. शिक्के आणि स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर लागतात. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. घरी इस्त्री फिरवून ते सोडवायला गेलात तर छपाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते. अशा वेळी कलिन्याला विद्यापीठात दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करणं हाच मार्ग, आणि त्याला वेळ लागतो. कपाटातली पदवी आजच काढून बघा.

मुक्त किंवा दूरशिक्षणातून बी.एड. केलं असेल तर नोकरी स्वीकारण्याआधी शाळेला ईमेलवर स्पष्ट विचारा. पदवीची पडताळणी करताना शिक्षण नियमित होतं की दूरस्थ, हे विचारलं जातं. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीएची आणि अबुधाबीत अडेकची, म्हणजे तिथल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी लागते; शाळेने होकार दिला म्हणजे सगळं झालं असं नाही.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) सर्वांत शेवटी काढा. अर्ज ठाण्यात वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात, फी ५०० रुपये. ते पासपोर्ट क्रमांकावर निघतं, त्यामुळे आधी पीसीसी आणि नंतर नवा पासपोर्ट असं केलंत तर क्रमांक जुळत नाही. शिवाय ते ताजं मागतात, म्हणून फार आधी काढून उपयोग नाही.

करार वाचताना एकूण पगारापेक्षा बेसिक बघा. तिथली ग्रॅच्युइटी बेसिकवर ठरते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, पुढे ३०. जोडप्याला बहुतेकदा दोघांत मिळून एकच फ्लॅट मिळतो. एकाने राजीनामा दिला तर घर राहतं का, हे लिहून घ्या. दोघांचे व्हिसा स्वतंत्र कामाचे आहेत की एक दुसऱ्यावर अवलंबून आहे, तेही आधीच विचारा.

घोडबंदरचा किंवा खारघरचा फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर कुलमुखत्यारपत्रही दोघांनी करायचं, आणि इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. तिकडून पाठवलं तर तिथल्या भारतीय वकिलातीत सही आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा वळसा पडतो. भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आत्ताच सांगा की मालक अनिवासी झाल्यावर भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापणं त्याची जबाबदारी आहे. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातलं खातं, करून घ्या.

नोकरीसाठी जाणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर तिकडचा पगार इथे करपात्र होत नाही. १ एप्रिल ते २८ सप्टेंबर म्हणजे १८१ दिवस. ऑगस्टमध्ये निघणारे यात आरामात बसतात, पण डिसेंबरच्या सुट्टीत घरी आलात तर तेही दिवस मोजले जातात.

सामानात मिक्सर आणि कुकर खुशाल न्या. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. खसखस मात्र चिमूटभरही नको. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते. नुसती पुडी काढून भागत नाही: गोडा मसाला, मालवणी मसाला, अनारसे, डिंकाचे लाडू, सगळ्यात ती असू शकते. घरचा मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या.