पौलाच्या पत्राच्या शेवटची नावं

ख्रिस्ती धर्म कसा पसरला असं कुणालाही विचारलं की बहुतेक जण थेट कॉन्स्टंटाइनवर येतात, रोमन सम्राट ख्रिस्ती झाला आणि मागोमाग सगळं साम्राज्य झालं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. ३१२ साली कॉन्स्टंटाइन तिकडे वळला तोपर्यंत ख्रिस्ती लोकांची पावणेतीनशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती, आणि तेवढ्या काळात त्यांच्यामागे ना राजा होता ना सैन्य. मग हे काम केलं कुणी?

माझ्यासाठी ह्याचं सगळ्यात चांगलं उत्तर बायबलमधल्या ज्या पानांवर आहे ती पानं लोक सहसा वाचतच नाहीत. रोमकरांस पत्र, अध्याय १६. पौलानं, म्हणजे येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या सुरुवातीच्या प्रचारकानं, हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या आसपास ग्रीसमधल्या करिंथहून पाठवलं आणि तोवर त्यानं रोम पाहिलेलंसुद्धा नव्हतं, तरी शेवटी तो तिथल्या वीस-पंचवीस लोकांना नाव घेऊन सलाम सांगतो. कुणी पर्सिस, जिनं फार कष्ट घेतले. कुणी रूफस, आणि रूफसची आई, जी मलाही आईसारखीच आहे असं तो लिहितो. ह्यातली कितीतरी नावं त्या काळी गुलामांना किंवा गुलामीतून सुटलेल्यांना असायची तसली आहेत, बायकाही भरपूर आहेत. सुरुवातीलाच फीबी येते, ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाची सेविका, आणि पत्र रोमला घेऊन गेली ती हीच असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मधेच ज्यानं हे पत्र लिहून घेतलं तो तर्तियस नावाचा माणूस स्वतःचाही नमस्कार घालून देतो! दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखनिक आणि त्याला वाटलं आपलंही नाव जावं, मला ती ओळ वाचताना दरवेळी भरून येतं.

ह्याच लिस्टमध्ये प्रिस्का आणि अक्विला हे नवरा-बायको आहेत, आणि त्यांचा प्रवास बघितला की सगळं लक्षात येतं. अक्विला मूळचा पंताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला काळ्या समुद्राचा किनारा. तिथून रोम. क्लॉडियस बादशहानं यहुद्यांना रोममधून हाकललं (४९ च्या सुमारास) तेव्हा हे दोघं करिंथला आले, तंबू बनवायचा धंदा होता, पौलही तेच काम करणारा, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला आणि त्यांच्यासोबत काम केलं. पुढे ते आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसला गेले आणि नंतर परत रोमला, आणि दोन्हीकडे त्यांच्या घरात मंडळी जमायची. म्हणजे गावं बदलली, आणि जिथं गेले तिथं घराचं दार उघडलं.

अर्थात जमीन आधीच तयार होती. भूमध्य समुद्राभोवतीच्या जवळपास प्रत्येक व्यापारी शहरात यहुद्यांचं सभास्थान होतं, त्यांचं शास्त्र ग्रीकमध्ये आलेलं होतं, आणि यहुदी नसलेलेही पुष्कळ लोक तिथं येऊन मागे बसून ऐकायचे. अशा लोकांना सुंता न करता ख्रिस्ती मंडळीत घ्यायचं का ह्यावर येरुशलेममध्ये मोठा वाद झाला आणि घ्यायचं असं ठरलं, माझ्या मते हा कॉन्स्टंटाइनच्या निर्णयापेक्षा कितीतरी मोठा निर्णय होता.

आता पन्नास-साठ वर्षं पुढे या, त्याच अक्विलाच्या पंतात. साधारण ११२ साली तिथला रोमन गव्हर्नर प्लिनी ट्राजन बादशहाला पत्र लिहितो की ह्या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, शहरातच नाही तर खेड्यापाड्यात पसरलेत, देवळं ओस पडलीत, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेना. चौकशीत त्याला कळलं काय, तर हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधंच जेवण जेवतात. एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून त्यानं दोन गुलाम बायकांना टॉर्चर केलं. त्या दोघी मंडळीत सेविका होत्या, फीबीसारख्याच. समाजात ज्यांना कवडीची किंमत नव्हती त्या बायकांना ह्या लोकांनी मानाचं काम दिलं होतं, आणि गव्हर्नरला मात्र त्यांची नावं लिहावीशी वाटली नाहीत. ट्राजनचं उत्तर तसं सौम्य आहे, मुद्दाम शोधत बसू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण गुन्हा सिद्ध झाला आणि माघार घेतली नाही तर शिक्षा द्या.

छळ सगळीकडे सारखा चालू होता असं नाही, तो यायचा आणि ओसरायचा. २५० साली डेसियस बादशहानं हुकूम काढला की प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत ही सर्टिफिकेटं पपायरसवर टिकून राहिलीत, चाळीसहून जास्त सापडलीत, मजकूर सगळ्यांचा तोच, मी कायम देवांना मानत आलोय, आत्ता तुमच्यासमोर बळी दिला, प्रसादाचं मांस चाखलं, तरी सही करून द्या. बऱ्याच ख्रिस्ती लोकांनीही घाबरून ती घेतली, आणि त्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

पण त्याच सुमाराला रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशेब देतो: ४६ वडील (म्हणजे मंडळीचे पुढारी), ७ सेवक, आणि मंडळीच्या पैशातून पोसल्या जाणाऱ्या विधवा आणि गरजू १५०० हून जास्त. हा आकडा मला कुठल्याही चमत्काराच्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो. नवरा मेलेल्या बाईला रोममध्ये रोज खायला घालणारं कुणीतरी होतं, तर माणसं तिकडे का जाणार नाहीत?

आणि हे जमायचे कुठे, तर सीरियात युफ्रेटिसच्या काठी ड्युरा-युरोपस नावाचं सीमेवरचं गाव होतं, तिथं एक साधं घर सापडलंय, दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केलेली, शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड आणि वर भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. २५६ च्या सुमारास इराणी सैन्याच्या वेढ्याआधी गावाच्या तटाला आतून भराव घातला गेला, त्याखाली हे घर गाडलं गेलं आणि म्हणूनच टिकलं. त्याच रस्त्यावर पुढे चित्रांनी भरलेलं यहुद्यांचं सभास्थानही आहे.

हा सगळा पसारा पूर्वेलाही चालला होता हे आपण फार विसरतो. आजच्या तुर्कस्तानातलं एदेसा शहर, आर्मेनिया, इथिओपियात अक्सुमचा राजा एझाना, ज्याच्या नाण्यावरची चंद्रकोर जाऊन क्रूस आला. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की मिरीच्या मलबारात ख्रिस्ती आहेत आणि कल्लिआना नावाच्या ठिकाणी इराणहून नेमलेला बिशप आहे. कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात, सगळे नाही. पण कल्याण त्याच्या आधी कित्येक शतकं तांबड्या समुद्राच्या व्यापाऱ्यांना माहीत असलेलं बंदर होतं आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या कल्याणच्या लोकांची नावं तिथल्या शिलालेखांत आजही वाचता येतात, त्यामुळे इराणी व्यापाऱ्यांसोबत त्यांची मंडळीही तिथं आली असेल तर मला तरी त्यात नवल वाटत नाही.