अकरावी ओळ

सोलापुरात आमचं ग्रॅनाइट कोरायचं दुकान आहे. घरांच्या पाट्या, समाधीचे दगड आणि सगळ्यात जास्त कोनशिला. कोनशिलेत कामाचं नाव बारीक, मान्यवरांची नावं ठळक, आणि कोण कोणाच्या वर यावरनं तीन-तीनदा प्रूफ बदलतं. म्हणून जिल्ह्यातल्याच एका छोट्या गावातनं माजी सैनिकांच्या स्मारकाचं काम आलं तेव्हा लय बरं वाटलं. दोन काळे स्लॅब, एकावर शहीद, दुसऱ्यावर नोकरी करून घरी परतलेले. उद्घाटन १६ डिसेंबरला, विजय दिवसाला.

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, नुसतं नाव-आडनाव. मी म्हणलो हुद्दा टाका की, तर समितीवाले म्हणतात बहुतेक सगळे शिपाई आहेत, लोकांना प्यून वाटतील. आता काय बोलायचं! दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५,००० च्या वर नावं आहेत, प्रत्येकाची वेगळी पाटी, त्यावर हुद्दा आणि रेजिमेंट, तिथं कोणाला प्यून वाटत नाही.

काम मात्र मी मन लावून केलं. दगडावर रबराचा स्टेन्सिल चिकटवायचा, सुईनं एकेक अक्षर उचलायचं, मग कॉम्प्रेसरनं वाळू मारायची. 'ठ' आणि 'व'च्या पोटातला रबराचा तुकडा एवढासा असतो, प्रेशर जरा जास्त झालं की उडून जातो आणि अक्षराच्या जागी खड्डा. तसा एकपण उडू दिला नाही.

स्लॅब न्यायच्या तीन दिवस आधी एक आजोबा नातवाच्या गाडीवर बसून दुकानात आले. शहिदांच्या स्लॅबवर बोट फिरवत अकराव्या ओळीवर थांबले आणि म्हणले, "हे माझं नाव हाय." मला घामच फुटला. समितीला फोन लावला तर म्हणे खोडून टाका. अरे, दगड हाय तो, फळा नाही! आख्खा स्लॅब घासून परत पॉलिश करावा लागतो.

आजोबा म्हणले, "खोडू नको रे, तो मी न्हवं. त्याचं बी नाव हेच, आडनाव बी हेच. दोघं बेळगावला मराठा सेंटरला एकाच दिवशी भरती झालो, नंबर लागोपाठ. तो एकाहत्तरला गेला." यादी करणाऱ्यानं एक्सेलमधी नाव दोनदा दिसलं म्हणून एक उडवलं होतं, ते नेमकं दुसऱ्या स्लॅबवरचं. आजोबांचं नाव वडलांच्या नावासकट मी त्या स्लॅबवर शेवटी बसवलं, पैसे घेतले नाहीत. समिती म्हणली शहीद झालेल्याचा कागद आमच्याकडं नाही, रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकतो.

आजोबांचा लष्करातला नंबर मी त्यांच्या माजी सैनिक कार्डावर बघितला, तो बरोबर होता. त्याच्या पुढचा, म्हणजे शहिदाचा, तेवढा त्यांच्या तोंडचा. स्लॅब गाडीत चढवायच्या आदल्या रात्री अकराव्या ओळीच्या शेवटी तो नंबर मी बारीक कोरला, कोणाला न विचारता. उद्घाटनात कोणाच्या ध्यानात आलं नाही, सगळे मान्यवरांच्या कोनशिलेपाशी फोटो काढत होते. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर अजून नाही. आजोबांकडनं एखादा आकडा चुकला असला तर मी दगडात काय लिहून ठेवलंय, हे रात्री झोपताना डोक्यात येतं.