ट्यूबवरचा लाल पट्टा

पहाटे चारच्या फेरीत रिफॉर्मरच्या, म्हणजे मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणाऱ्या भट्टीच्या, पीपहोलला डोळा लावला, तर ट्यूबांवर वरून साधारण चार मीटर खाली लाल पट्टा दिसला. पायरोमीटरवर तिथे ८३० ऐवजी ८९५ अंश. एक-दोनच ट्यूब तापल्या असत्या, तर आत कॅटॅलिस्टच्या (अभिक्रिया घडवणाऱ्या) गोळ्या भरताना पोकळी राहिली म्हटलं असतं. पट्टा सगळ्या रांगांत एकाच उंचीवर होता, म्हणजे खोट आत येणाऱ्या गॅसमध्ये.

आउटलेटचा मिथेन ४ टक्क्यांवरून ५.५ वर गेलेला. वाफ-कार्बन गुणोत्तर ३.१, ठीक. उरलं गंधक. गंधक धरणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या बेडनंतर डिटेक्टर ट्यूब (गॅस तपासायची काचेची नळी) ओढली, शून्य. त्या शून्यावर विसंबून दोन तास गेले. ती ट्यूब फक्त हायड्रोजन सल्फाइड ओळखते. गॅसला वास यावा म्हणून मिसळलेलं टेट्राहायड्रोथायोफीन तिला दिसत नाही आणि झिंक ऑक्साइडही ते नीट धरत नाही. आधी कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर, ३५० ते ४०० अंशांना, हायड्रोजन देऊन त्याचं हायड्रोजन सल्फाइड करावं लागतं.

फीडचा, म्हणजे आत येणाऱ्या गॅसचा, नमुना क्रोमॅटोग्राफवर (घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावला. हायड्रोजन ३ टक्के हवा, निघाला ०.३. हायड्रोजन फीडमध्ये आणणाऱ्या रिसायकल लाइनची गाळणी तुंबली होती आणि फ्लो ट्रान्समीटरची इम्पल्स लाइनही (प्रवाह मोजणाऱ्या यंत्राला दाब पोचवणारी बारीक नळी) चोंदली होती, म्हणून पॅनेलवर आकडा बरोबर दिसत होता. ट्रेंड उघडला तर तीन दिवस सरळ रेघ. खरा फ्लो थोडा तरी हलतोच.

गंधक कॅटॅलिस्टमधल्या निकेलवर ट्यूबच्या वरच्या, थंड भागात घट्ट बसतं. मिथेनची वाफेशी अभिक्रिया मोलमागे २०६ किलोज्यूल उष्णता शोषते. ती मंदावली की तेवढी उष्णता धातूतच राहते, भिंत तापते, तिथे मिथेन फुटून कार्बन साचतो.

आधी बर्नर कमी केले, मग गॅस ७० टक्क्यांवर आणला. क्रम उलटा झाला तर ट्यूब आणखी तापतात. वाफ तेवढीच ठेवल्याने गुणोत्तर चारच्या वर गेलं. गाळणी साफ करून हायड्रोजन सुरू केला, तरी पट्टा हटेना. कार्बन बसला होता. शेवटी फीड बंद, शिफ्ट कन्व्हर्टर (कार्बन मोनॉक्साइड बदलणारा पुढचा टप्पा) बायपास, आउटलेट ७५० अंशांवर धरून आठ तास नुसती वाफ. कंडेन्सरनंतरच्या वायूतला कार्बन डायऑक्साइड दर अर्ध्या तासाला मोजला, तो संपत आल्यावरच थांबलो. वाफेने निकेलचं ऑक्साइड होतं, म्हणून हायड्रोजन देऊन पुन्हा रिडक्शन, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढणं.

सुरू केल्यावर भिंत ८३८. तिसऱ्या रांगेतल्या दोन ट्यूबांवर फिकट डाग राहिला. पुढच्या शटडाउनला त्या उघडल्या, तर कार्बनने कॅटॅलिस्टच्या गोळ्यांचा चुरा केलेला होता.