मालकीण

तिचं नाव इथे लिहिणार नाही. एक तर तिला आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे आमच्या साताऱ्याला माझी आजीसुद्धा कधी आजोबांचं नाव घ्यायची नाही. "मालक" म्हणायची, फार तर "हे". म्हणून मी "ही" म्हणते.

ही इंग्लंडमधल्या लीड्सची. तिथेच जन्मली, तिथेच वाढली, एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मी ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, पीएचडीला तिथे उतरले. पहिलं वर्ष हॉस्टेलच्या खोलीत भिंतींशी बोलून काढलं. सप्टेंबर २०२१ मध्ये हेडिंग्लीत एका घरात एक खोली भाड्याने आहे असं कळलं. लाल विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांमधलं घर, हिने कर्ज काढून घेतलेलं. हप्ता जड जात होता म्हणून मागची खोली द्यायची होती. मी आईला फोनवर सांगितलं, "घरमालकीण चांगली आहे गं, नर्स आहे." तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं.

मार्च २०२२ पासून मी त्या खोलीत झोपत नव्हते. पण आईसाठी ही घरमालकीणच राहिली. व्हिडिओ कॉल आला की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचे, पाठीमागे माझंच कपाट, माझीच चादर दिसेल अशी. सुट्टीत घरी जायच्या आधी फोनमधले फोटो साफ करायचे, कारण आमच्याकडे कुणाचाही फोन कुणीही उचलतं. भाडंही चालूच होतं. म्हणजे अर्धा हप्ता मी द्यायचे, त्याला नाव मात्र भाडं. बाबा तीस वर्षं सहकारी बँकेत होते. नॅरेशन नसलेली एंट्री म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, असं त्यांनी लहानपणापासून डोक्यात बसवलेलं. घरी गेले की ते माझं स्टेटमेंट मागून घेत, चष्मा कपाळावर चढवून वाचत. त्यामुळे दर महिन्याच्या १ तारखेला माझ्या खात्यातून हिच्या खात्यात पैसे जात आणि पुढे एकच शब्द: "रेंट".

हे सगळं इतकं तपशिलात सांगते आहे, कारण पुढे हेच नडलं.

माझा कोर्स ३० सप्टेंबर २०२४ ला संपत होता. स्टुडंट व्हिसा त्यानंतर चार महिने चालतो, म्हणजे ३० जानेवारी २०२५. उन्हाळ्यात थीसिसचं शेवटचं प्रकरण लिहिता लिहिता मी रात्री व्हिसाचे नियम वाचत बसायचे. संदर्भसूचीपेक्षा किचकट.

नोकरीवरचा व्हिसा म्हणजे पगाराची अट, ती एप्रिल २०२४ पासून तेव्हा वर्षाला ३८,७०० पौंड होती. पीएचडीवाल्यांना, नव्याने लागणाऱ्यांना त्यात सवलत असते, पण त्यासाठी आधी कुणीतरी नोकरी द्यायला हवी. ग्रॅज्युएट व्हिसा सगळ्यात सोपा होता. पीएचडी झाली की तीन वर्षं राहा, काम करा, कुणी काही विचारत नाही. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचे ३,१०५ आधीच मोजायचे, फी वेगळी. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी तेच केलं, आणि त्यांच्या जागी मीही केलं असतं. पण तो वाढवून मिळत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी जोडीदाराच्या व्हिसावर पाच वर्षं काढावी लागतात, त्यात ही तीन धरत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला अजून तीन वर्षं "रेंट" लिहायचं नव्हतं.

इकडे यायचं का, हा विचारही केला होता. हिला सातारा आवडेल अशी माझी उगाच समजूत आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नावर भारताच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा लीड्समध्ये सकाळ होती. ही नाइट करून आली होती, युनिफॉर्म न बदलता माझ्या शेजारी लॅपटॉपसमोर बसली. कायद्याची भाषा तिला कळत होती, मला तिच्यापेक्षा कमी. पाच न्यायाधीश, आणि लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही एक. काय ते संसदेने ठरवावं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटका झाली तेव्हा मी पुण्यात पेढे वाटले होते, मैत्रिणीच्या बहिणीला मुलगी झाली असं सांगून. तर आता मी गुन्हेगार नाही, पण भारतात ही माझी कुणीच नाही. बायको म्हणून व्हिसा नाही, पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं कार्ड, तेही नाही. फार तर पर्यटक म्हणून येईल, अजिंक्यतारा बघेल, परत जाईल. शेवटी हिने चहा टाकला आणि एवढंच म्हणाली, "मग इथेच."

इथे म्हणजे जोडीदाराचा व्हिसा. ब्रिटनमध्ये लग्न न केलेल्या जोडप्यालाही तो मिळतो, दोन वर्षं लग्नासारखं नातं असलं की. हा रस्ता मुळात आमच्यासारख्यांनीच भांडून काढलेला आहे, हे मला तेव्हा वाचून कळलं. १९९३ साली काही जणांनी मिळून एक गट काढला, आज त्याचं नाव रेनबो मायग्रेशन. तेव्हा लग्नाचा प्रश्नच नव्हता. १९९७ मध्ये सरकारने सवलत दिली ती चार वर्षं एकत्र राहिल्याच्या पुराव्यावर, पुढे चाराची दोन झाली. सिव्हिल पार्टनरशिप आणि लग्न हे सगळं नंतरचं. पहिली लग्नं लागली ती मार्च २०१४ मध्ये. या विषयात अडकलेल्या कुणालाही मी आधी रेनबो मायग्रेशनची वेबसाइट वाचा म्हणून सांगते, वकिलाला पैसे द्यायच्या आधी.

वकिलाला आम्ही पैसे दिलेच. बाई चटपटीत होत्या. व्हिडिओवर आमची कागदपत्रं एकेक करून उघडत गेल्या. घर हिच्या एकटीच्या नावावर. कर्ज हिच्या नावावर. गॅस, वीज, पाणी, हिच्या. माझी बँक स्टेटमेंट्स त्याच पत्त्यावर, ठीक, पण आत तीस महिने "रेंट". मग काउन्सिल टॅक्सचं बिल. ते मात्र मी विसरणार नाही.

काउन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टी, पण राहणाऱ्यावर लागते. पूर्ण वेळ विद्यार्थी असला तर त्याला माणसांत धरत नाहीत. घरात एक कमावती आणि एक विद्यार्थिनी असेल तर हिशोबाला एकच डोकं, आणि एकच डोकं म्हणून बिलावर २५ टक्के सूट. दरवर्षी मार्चमध्ये ते बिल आलं की आम्ही खूश व्हायचो, त्या पैशात एकदा समुद्रकिनारी व्हिटबीला जाऊन आलो होतो. आता तोच कागद पडद्यावर उघडा होता, हिचं नाव, पत्ता, आणि एकच प्रौढ व्यक्ती राहते अशा अर्थाची सूट.

वकीलबाई म्हणाल्या, "कागदावर तुम्ही घरमालकीण आणि भाडेकरू आहात." हसल्या नाहीत.

त्या रात्री आम्ही घरभर पुरावे शोधले. अडीच वर्षं मी जे पुसत आले तेच आता सरकारला हवं होतं. मांजरीच्या लसीच्या कार्डावर दोघींची नावं निघाली. हिच्या आईने नाताळला पाठवलेल्या कार्डांची पाकिटं, दोघींच्या नावची, मी कधीतरी खणात टाकलेली, तीन सापडली. आणि स्वयंपाकघरात कालनिर्णय.

दर जानेवारीत मी साताऱ्याहून एक आणते किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवते. आई जशी त्यावर दूध मांडायची तशी मी मांडते, फक्त इथे दुधाचा हिशोब नसतो, तर सुपरवायझरची भेट, लायब्ररीचं पुस्तक. त्याच चौकटीत हिच्या ड्यूट्या. नाइटला "एन", लाँग डेला "एल", निळ्या पेनने. संकष्टीच्या चौकटीत गणपतीच्या शेजारी हिने एक अंडं काढून त्यावर फुली मारलेली, म्हणजे आज ऑम्लेट नाही. हिला मराठी अक्षर वाचता येत नाही, पण संकष्टी चित्रावरून ओळखते. चंद्रोदयाची वेळ मुंबईची छापलेली असते, लीड्सला तिचा काडीचा उपयोग नाही, तरी एकदा ही रात्री सव्वानऊला पावसात अंगणात उभी राहून "अजून नाही आला" असं सांगत होती.

२०२२, २०२३, २०२४. तीन वर्षं, छत्तीस पानं, दोन हस्ताक्षरं. आम्ही फोटो काढून पाठवले. वकीलबाईंचं उत्तर आलं: इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. छत्तीस पानांचं. त्यात तिथी, नक्षत्र, मागच्या बाजूची राशिभविष्यं आणि अळूवडीची पाककृती. राहू दे म्हणाल्या.

मग लग्न. प्रमाणपत्राने नातं खरं ठरत नाही, एकत्र राहतो हे तरी दाखवावंच लागतं, पण पायाखाली काहीतरी घट्ट येतं. एक चांगलं की मी स्टुडंट व्हिसावर होते. व्हिजिटर म्हणून आलेल्याला देशात राहून जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही, विद्यार्थ्याला येतं. इंग्रजीची परीक्षाही नको, इथलीच पीएचडी. उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ पर्यंत १८,६०० होती, ती २९,००० झाली. हिचा पगार त्याच्या वर होता म्हणून आम्ही एका वाक्यात सुटलो. हिच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशी सुटल्या नसत्या.

१४ ऑक्टोबरला लग्नाची नोटीस द्यायला गेलो. दोघींना वेगवेगळं बसवून विचारतात. हिची जन्मतारीख, हिचा व्यवसाय, आधी लग्न झालं होतं का. मी विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेला इतकी घाबरले नाही. एकीकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि दुसरीकडे तात्पुरता व्हिसा असला की प्रकरण होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे जातं. मग लग्नाआधी थांबायच्या २८ दिवसांचे ७० दिवस होऊ शकतात. आमचे झाले. म्हणजे २३ डिसेंबर. मधल्या काळात आमची नावं, व्यवसाय, राष्ट्रीयत्व सगळ्यांना वाचायला लावलेलं. गणपतीत भेटणाऱ्या काकू कशाला रजिस्ट्रारच्या ऑफिसात जातील, हे कळत होतं. तरी दोनदा त्या रस्त्याने जाताना मान खाली घातली.

१० जानेवारीला, शुक्रवारी लग्न. साक्षीदार दोन लागतात. हिचा भाऊ आणि माझ्या लॅबमधली नागपूरची मैत्रीण. नोंदीसाठी आईवडिलांची नावं, व्यवसाय विचारले. इंग्लंडमध्ये मे २०२१ पर्यंत लग्नाच्या नोंदीत फक्त वडिलांचं नाव असायचं, आता आईचंही असतं. बाबांचं सांगितलं, निवृत्त बँक अधिकारी. आईचा व्यवसाय? ती पंधरा वर्षं घरातून पोळीभाजीचे डबे देते. मी काय बोलू ते सुचेना. नागपूरवाली मागून म्हणाली, "केटरर सांग ना." रजिस्ट्रारने टाइप केलं. साताऱ्यात त्या वेळी दुपारचे चार वाजून गेले होते, आई संध्याकाळची कणीक मळत असणार.

बाहेर पायऱ्यांवर तीन डिग्रीत नागपूरवालीने नाव घ्यायला लावलं. तिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं म्हणून घेतलं:

काउन्सिल टॅक्सच्या बिलावर माझं नावच नाही,
…चं नाव घेते, पुरावा मागू नका काही.

हिने आपलं नाव ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

अर्ज २४ जानेवारीला गेला. अधिभार अडीच वर्षांचा, २,५८७ पौंड ५० पेन्स. मुदतीच्या आत अर्ज गेला की उत्तर येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं, फक्त देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज मागे घेतल्यासारखं. त्यामुळे फेब्रुवारीत चुलतबहिणीच्या लग्नाला मी नव्हते. काकू अजून बोलत नाही.

आठ आठवड्यांनी, मार्चमध्ये, ईमेल आला. तीस महिने मिळाले. त्या रविवारी आईचा फोन. मी मागच्या खोलीत गेले नाही, स्वयंपाकघरातच बसले.

"व्हिसाचं काय झालं गं?"

"झालं. अडीच वर्षं."

"कशावर झालं? नोकरी तर नाही म्हणालीस."

मी म्हटलं, "लग्नावर."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केलेला ऐकू आला. मग ती म्हणाली, "मालकिणीशी?"

मी हो म्हणाले.

"मला वाटलंच होतं. भाडेकरूला कुणी आजारपणात पेज करून देत नाही." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग आवाज खाली करून, "बाबांना तू सांगू नकोस. मी सांगते. आधी त्यांचं मोतीबिंदूचं होऊन जाऊ दे."