बाबांसोबत खाऱ्या तळ्यातल्या बेटावर

बाबा लोणारहून माझ्याकडं, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीला, आले ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. विमान उतरताना त्यांना खिडकीतून इथल्या ग्रेट सॉल्ट लेक या तळ्याचा पांढरा काठ दिसला होता. घरी पहिला चहा संपायच्या आत म्हणाले, "तुमचंही तळं खारंच हाय म्हणतेत. मले जवळून पाहाचं हाय."

आमचं शेत लोणारच्या विवरापासून जवळच. लहानपणी नवरात्रात कमळजादेवीला जाताना विवरात उतरायचो, तेव्हा त्या पाण्याचा उग्र वास आधी नाकात शिरायचा आणि मग तळं दिसायचं. बाबांची साठ-पासष्ट वर्षं त्या काठावर गेलेली. त्यामुळे त्यांना कुठं न्यायचं हे मला ठरवावंच लागलं नाही. ग्रेट सॉल्ट लेकमधलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे अँटिलोप आयलंड. हे अख्खं बेटच आज युटा राज्याचं राखीव उद्यान आहे. पायवाटा आहेत, जनावरं आहेत, आणि १८४८ साली बांधलेलं एक मातीचं घर आहे.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. एप्रिल ते जून तिथं चावरी चिलटं असतात. डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण केसांत आणि कानामागं शिरतात. तेव्हा गेलात तर डोक्यावरून घ्यायची जाळी लागतेच. उन्हाळ्यात सावलीचं नाव नाही, बेट म्हणजे गवत आणि खडक. शिवाय जुलै-ऑगस्ट हा बायसनांचा, म्हणजे इथल्या रानबैलांचा, माजावर येण्याचा काळ, बैल चिडके असतात. ऑक्टोबर बरा. फक्त महिन्याच्या शेवटी बायसनांना घोड्यांवरून हाकत गोळा करतात, तेव्हा गर्दी होते. ते दिवस आम्ही टाळले. माणशी तीन लिटर पाणी, दशम्या, लसणाची चटणी, बाबांची काठी, वाऱ्यासाठी कानटोपी, आणि गाडीची टाकी पूर्ण भरलेली. बेटावर पेट्रोल मिळत नाही.

सिरॅक्यूज गावातून निघालं की फाटकावर गाडीचं शुल्क भरायचं. मग तळ्यातून जाणारा सुमारे अकरा किलोमीटरचा भराव लागतो. बाबा काच खाली करून बसले. वास आला तसे हसले आणि म्हणाले, "घर आलं." मी त्यांना सांगितलं की १९८३ मध्ये तळं इतकं चढलं की हा रस्ता पाण्याखाली गेला, आणि उद्यान १९९३ पर्यंत बंद राहिलं. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. पाणी रस्त्यापासून कितीतरी लांब होतं, मध्ये नुसता भेगाळलेला पांढरा चिखल. ते काही बोलले नाहीत, पण नजर दिवसभर त्या काठावरच जात राहिली.

माहिती केंद्रात थोडाच वेळ थांबलो. बेटावरचे काही खडक एकशे सत्तर कोटी वर्षांचे आहेत हे मी वाचून दाखवलं. लोणारचा आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. बाबांनी बाहेर येऊन एका खडकावर तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

पहिली चाल फ्रेरी शिखराच्या वाटेची. शिखर ६,५९६ फूट उंच, म्हणजे तळ्यापासून जवळजवळ अडीच हजार फूट वर. वाट सुरू होते तीच चढणीवर. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही शिखर गाठायचं ठरवलंच नव्हतं, जमेल तेवढं चढायचं होतं. पहिल्या वळणावर ते थांबले. समोरच्या उतारावर एकाखाली एक आडव्या रेघा होत्या, अगदी पायऱ्यांसारख्या. "डोंगराले बांध कोणं घातले?" शेतकऱ्याला ते बांधच दिसणार. त्या रेघा म्हणजे हिमयुगातल्या बॉनव्हिल नावाच्या प्रचंड तळ्याचे काठ. तळं टप्प्याटप्प्यानं उतरत गेलं, आणि जिथं जिथं बराच काळ थांबलं तिथं लाटांनी डोंगर कोरला. आजचं खारं तळं हा त्याचाच उरलेला तळ. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून मीठ साठत राहिलं. "आपल्यासारखंच," बाबा म्हणाले. लोणारच्या पाण्यालाही बाहेर वाट नाही.

आणखी अर्धा तास चढल्यावर वाटेतच बायसन उभा होता.

आपल्याकडं बायसन म्हटलं की राधानगरीचा गवा आठवतो. हा त्याचा लांबचा भाऊबंद, पण रूप वेगळं. पुढच्या अंगावर लोकरीची झूल, हनुवटीला दाढी, खांद्यावर वशिंडासारखा मोठा उंचवटा, आणि मागचं अंग त्या मानानं लहान. पूर्ण वाढलेला बैल नऊशे किलोपर्यंत भरतो आणि ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरनं धावू शकतो. आमच्यामध्ये जेमतेम साठ-सत्तर पावलं असतील. माझ्या पोटात गोळा आला. माझ्या मनात एकच होतं, मागं वळून पळायचं.

बाबांनी माझं मनगट धरलं. "पळू नको. शेपूट पाह त्याची."

शेपटी खाली लोंबत होती, माश्या हाकलत होती. बायसनाची शेपटी काठीसारखी उभी झाली, तो खूर उकरू लागला, डोकं खाली घातलं, की तो चिडलाय, हे मी फलकावर वाचलं होतं. बाबांनी तो फलक वाचलेला नव्हता. त्यांनी आयुष्यभर बैल वागवले होते. आम्ही हळूहळू मागं सरकत खालच्या वळणावरच्या खडकापाशी गेलो आणि तिथं बसलो. दशम्यांना हात लावला नाही, पिशवीही उघडली नाही. चाळीस मिनिटं गेली. मागून एक तरुण जोडपं आलं. मुलगा मोबाइल काढून पुढं निघाला, तर बाबांनी मराठीतच "थांब रे लेका" म्हणत काठी आडवी धरली. तो थांबला. तेही दोघं आमच्याशेजारी बसले. मी मध्येच कुजबुजले, की बाजूनं गवतातून वळसा घालू या का. बाबा म्हणाले, "त्याले घाई नाही, आपल्याले काहून?"

शेवटी तो बैल वाटेवरच आडवा झाला, धुळीत लोळला, उठला, अंग झाडलं आणि उतारावरून खाली गेला. तो दिसेनासा झाल्यावर बाबांनी पाणी मागितलं, तेव्हा त्यांचा हात थरथरताना मला दिसला.

हे बायसन बेटावरचे मूळ नव्हेत. १८९३ साली बारा जनावरं नावेतून इथं आणली गेली. अमेरिकेत कधीकाळी कोट्यवधी असलेले बायसन तोवर शिकारीनं हजाराच्या आत आले होते. त्या बारांचा कळप आज पाचशे ते सातशे आहे. गवत तेवढंच, म्हणून दर शरदात गोळा करून तपासणी होते, लसी टोचतात, जास्तीची जनावरं विकतात. बाबांना हे फार पटलं. चाऱ्याच्या मानानं गुरं ठेवायची, यात त्यांना नवीन काही नव्हतं.

ज्यांच्यावरून बेटाला अँटिलोप, म्हणजे काळविटाचं, नाव पडलं ते प्रॉन्गहॉर्न आम्हाला खाली उतरताना दिसले. पोटाशी पांढरे, पाठीशी तांबूस, सहा-सात जण. दिसतात हरणांसारखे, पण ते खरे हरीण-काळवीट नव्हेत, त्यांच्या कुळातले तेवढेच आता उरलेत. १८४५ साली शोधमोहिमेवरचा जॉन फ्रेमाँट आणि त्याचा वाटाड्या किट कार्सन उथळ पाण्यातून घोड्यांवर बेटावर आले, त्यांनी हे प्राणी मारले आणि बेटाला नाव दिलं. त्यातली मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. ते काठावर परतले तर त्यांच्या छावणीत यूट या इथल्या मूळ जमातीचा एक म्हातारा माणूस बसलेला. त्यानं शिकार पाहिली आणि बजावलं, बेटावरची ही सगळी जनावरं माझी आहेत, मोल द्या. फ्रेमाँटनं त्याला लाल कापड, सुरी आणि तंबाखू दिली. नकाशावर बेटाला नाव नव्हतं तेव्हाही त्याला धनी होता. पुढं १९३० च्या दशकापर्यंत प्रॉन्गहॉर्न बेटावरून संपले होते. १९९३ मध्ये ते पुन्हा आणून सोडले.

जेवण फील्डिंग गार रँचवर, ते १८४८ चं मातीचं घर आहे तिथं. पूर्वेच्या काठानं लांब रस्ता आहे, उजाड गवतातून जातो, आणि एकदम पिवळ्या पानांची मोठी झाडं दिसतात. कॉटनवुड. नावात कापूस आहे म्हटल्यावर आमच्या कापूसवाल्या बाबांनी गाडीतून उतरून आधी बुंधा पाहिला. एवढी झाडं इथंच का, याचं उत्तर त्यांना दोन मिनिटांत सापडलं. इथं गोड्या पाण्याचा झरा आहे. चारी बाजूंना समुद्राच्या तिपटीहून खारट पाणी आणि मध्ये हा झरा. लोणारला खाऱ्या तळ्याच्या कडेला धार आहे, बारमाही, गोमुखातून पडणारी. आमच्या गावांचं जगणं त्या गोड पाण्यावर. बाबा झऱ्यापाशी उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि नमस्कार करून परत सोडलं.

घर कच्च्या विटांचं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक जुलै १८४७ मध्ये या खोऱ्यात पोचले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पुढारी ब्रिगम यंग यानं चर्चची गुरं सांभाळायला फील्डिंग गारला या बेटावर पाठवलं. गार विधुर होता, मुलांना घेऊन आला. बेटावरचीच माती, उन्हात वाळवलेल्या विटा. या घरात १९८१ पर्यंत, म्हणजे राज्यानं उरलेलं बेट विकत घेईपर्यंत, सतत माणसं राहत होती. आपल्या मूळ पायावर उभं असलेलं आणि इतका काळ सलग वस्ती असलेलं असं घर गोऱ्या वसाहतकारांचं युटात दुसरं नाही.

बाबांनी भिंतीची जाडी वितीनं मोजली. मग खिडकीच्या कोनाड्यावरून हात फिरवला. आमचं जुनं घर पांढऱ्या मातीचं, माळवदाचं होतं. माझ्या जन्माआधी ते पावसात खचलं. मला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं. त्या खोलीत उभं राहून बाबांनी मला पहिल्यांदा सांगितलं, की आजोबांनी त्या घरासाठी माती कुठून आणली, पायानं कशी तुडवली, तीत गव्हाचा भुसा किती घातला, आणि ते खचलं त्या रात्री आजीनं आधी बियाण्याची कणगी बाहेर काढली. तिथली एक वयस्क कर्मचारी बाई लांबून पाहत होती. मी तिला भाषांतर करून सांगितलं. इथंही विटेला काय काय लागलं असेल यावर ती बोलू लागली, बाबा हातवारे करून विचारू लागले, आणि मी मधून बाजूला झाले तरी त्यांचं चालू राहिलं.

मागच्या मोठ्या गोठ्यात लोकर कातरायच्या जागा ओळीनं आहेत. एके काळी इथं हजारो मेंढ्या होत्या. बाबांना आमच्या शेतात धनगर मेंढ्या बसवायचे ते आठवलं. एका रात्रीचं खत आणि त्याच्या बदल्यात ज्वारी.

परतताना मी त्यांना अ‍ॅलिस फ्रेरीबद्दल सांगितलं. शिखराला त्यांचंच आडनाव आहे. जॉर्ज आणि अ‍ॅलिस हे जोडपं मुलांना घेऊन बेटावर राहायला आलं होतं. १८९७ मध्ये अ‍ॅलिस आजारानं गेली. तिला बेटावरच पुरलं. पुढं जमिनीचे मालक बदलले, तिची जागा मात्र राहिली. बाबा एवढंच म्हणाले, "तिले इथं आवडलं असन का?" मला उत्तर देता आलं नाही. या बेटाच्या गोष्टीत पुरुषांची नावं पावलोपावली आहेत. तिचा प्रश्न मात्र बाबांनी विचारला.

संध्याकाळी बफेलो पॉइंटवर चढलो. वाट छोटी, पण शेवटी दगडांची आहे. वरून तळं पश्चिमेकडं पार क्षितिजापर्यंत दिसतं. तळ्याच्या उत्तर भागात पाणी गुलाबी आहे. १९५९ मध्ये रेल्वेसाठी दगडांचा भराव घातला, त्यानं तळ्याचे दोन भाग झाले. उत्तरेला नद्यांचं पाणी पोचेना, क्षार वाढले आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनंही कारण असेच खारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं होतं. बाबांनी तेव्हा बाटलीत ते पाणी आणून ठेवलं होतं.

मग त्यांनी सकाळपासून मनात असलेलं विचारलं. पाणी गेलं कुठं? १९८६-८७ च्या उच्चांकापासून नोव्हेंबर २०२२ च्या नीचांकापर्यंत पातळी तेवीस फुटांनी उतरली. दुष्काळ आहे, पण मोठं कारण म्हणजे तळ्याला येऊन मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वरच्या वर उचललं जातं. त्यातलं सर्वांत जास्त शेतीला, आणि शेतीत बरंचसं लसूणघासाला. लसूणघास म्हटल्यावर बाबा गप्प झाले. आमच्या विहिरीवरही अर्धा एकर आहे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शेतकऱ्यालेही पाणी लागते आन् तळ्यालेही." दोन्ही बाजू त्यांच्याच होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही तिथं उभं राहून कोणा एकाला दोष देता येईना. पण काठ मागं सरकतोय, खाली धूळ उघडी पडतेय, आणि दक्षिणेकडं पाणी इतकं ओसरतं की बेट जमिनीला जोडलं जातं, हे डोळ्यांना दिसतं.

अंधार पडताना भरावावरून परतलो. पाण्यावर पक्ष्यांचे मोठे काळे थवे बसले होते. ते मिठातल्या कोळंबीच्या पिलांएवढ्या जिवांवर जगतात, इथून पुढं दक्षिणेला जातात.

बाबा लोणारला परत गेले त्याला आता बरेच महिने झाले. दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाऊस, कापसाचा भाव, आणि मग, "तळ्याचं पाणी किती?" मी सॉल्टएअरच्या मोजणी केंद्रावरचा त्या आठवड्याचा आकडा सांगते, ते वहीत लिहून घेतात. गेल्या रविवारी त्यांनी धारेचंही सांगितलं. वाहतेय म्हणाले, पण वैशाखात जरा बारीक झालीय.