सहा इंची दुर्बीण, भाग चौथा: आयपीस परदेशातून, फोकसर अक्कलकोट रोडवरून

घरी घासलेला दुर्बिणीचा मुख्य आरसा पुण्याहून ॲल्युमिनियमचा थर चढवून परत सोलापुरात आला. सहा इंच व्यास, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या साधारण आठपट, एफ-८. ८० नंबरच्या कार्बोरंडमच्या खरखरीत पुडीपासून सुरुवात करून पॉलिशच्या सेरियम ऑक्साइडपर्यंत घासाई कशी झाली ते मागच्या भागांत लिहिलंच आहे. सगळं घासून काचेच्या मध्यभागी खोली आली जेमतेम १.२ मिलिमीटर, आणि त्या एवढ्याशा खोलगटपणावर आख्खी दुर्बीण उभी राहणार आहे. फुको टेस्टमध्ये, म्हणजे आरशाचा आकार प्रकाशाने तपासण्याच्या चाचणीत, कडेचा भाग जरा दबलेला दिसतो. तो आता तसाच राहू दे.

उरलं होतं ते असं: प्रकाश बाजूला वळवणारा तिरका दुय्यम आरसा, तो धरणारा स्पायडर, आयपीस पुढे-मागे सरकवणारा फोकसर आणि दोन आयपीस, म्हणजे डोळ्याजवळची भिंगं. हा भाग मुख्यतः पैशाचा आहे. गेल्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की हे सामान परदेशातून मागवलं तर शेवटी किती पडतं, म्हणून पूर्ण हिशेब मांडतो. आपल्यातले बरेच नवे लोक परदेशी दुकानातली किंमत बघतात, तिला डॉलरच्या भावाने गुणतात आणि "अरे, स्वस्त आहे की" म्हणून बटण दाबतात. पार्सल दारात आल्यावर पोस्टमन किंवा कुरियरवाला वेगळा आकडा सांगतो आणि मग हौसच मोडते. हौस मोडू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढू. आपण दुर्बिणीचे व्हिडिओ बघतो ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे वर्षानुवर्षं ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काशिवाय सुटत होतं, त्यामुळे ती मंडळी कराचा उल्लेखच करत नसत. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथेही बंद झाली. आपल्याकडे अशी घसघशीत मर्यादा कधी नव्हतीच. वस्तू छोटी आहे, एकच आहे, स्वतःसाठी आहे, म्हणून कर लागणार नाही असं धरून चालू नका. मागणीचे दोन तुकडे करून दोन पार्सलं मागवली तरी कर वाचत नाही, उलट कुरियरचं हाताळणी शुल्क दोनदा बसतं.

आता आकडे. समजा आयपीस ८,००० रुपयांचं आहे आणि विमानाने पाठवायला विक्रेत्याने २,००० घेतले. कर नुसत्या ८,००० वर लागत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते, तिला कागदावर असेसेबल व्हॅल्यू म्हणतात, आणि सगळा खेळ तिच्यावर चालतो. इथे आपल्या फायद्याचा एक नियम आहे. माल विमानाने आला असेल तर करासाठी धरायचा वाहतूक खर्च वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे विक्रेत्याला तुम्ही २,००० दिले असले तरी हिशेबात धरायचे १,६००. विम्याचा खर्च वेगळा कळत नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे ९० रुपये. बेरीज झाली ९,६९०.

यावर पहिली पायरी बेसिक कस्टम्स ड्युटी, म्हणजे मूळ आयात शुल्क. सोयीसाठी दर १० टक्के धरू: ९६९ रुपये. दुसरी पायरी सोशल वेल्फेअर सरचार्ज. हा २०१८ च्या अर्थसंकल्पात शिक्षण उपकराच्या जागी आला. तो वस्तूच्या किमतीवर नसतो, ड्युटीच्या रकमेवर १० टक्के असतो: ९६ रुपये ९० पैसे. तिसरी पायरी आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आणि तो या सगळ्यांच्या बेरजेवर बसतो, म्हणजे कराच्या रकमेवरही कर. ९,६९० अधिक ९६९ अधिक ९६.९० म्हणजे १०,७५५.९०. त्यावर १८ टक्के झाले १,९३६ रुपये आणि काही पैसे. तिन्ही मिळून जवळजवळ ३,००२ रुपये.

असेसेबल व्हॅल्यूच्या हिशेबाने हे ३०.९८ टक्के होतात. मूळ ८,००० शी ताडून बघितलं तर साडेसदतीस. मनात ठेवायचा आकडा हा दुसरा, कारण दुकानात आपण ८,००० च बघत असतो. वाहतुकीचे २,००० आणि कराचे ३,००२ धरून वस्तू पडली १३,००० ला. वर बँक कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लावते आणि कुरियर कंपनी तुमच्या वतीने कर भरल्याचं शुल्क लावते, त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. हे दोन्ही आकडे मागवण्याआधी विचारून घ्या. स्वस्त वस्तूच्या बाबतीत कुरियरचं हे शुल्कच कराएवढं होऊ शकतं.

डॉलरचा भाव कोणता धरतात, असाही प्रश्न आला होता. बाजारातला नाही, तुमच्या कार्डावर लागला तोही नाही. सीबीआयसी, म्हणजे केंद्राचं अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ, कस्टम्ससाठी वेगळा विनिमय दर जाहीर करतं, तो. आणि कराचा दर तुम्ही मागणी नोंदवली त्या दिवसाचा नसतो. माल इथे पोचून कागद दाखल होतात तेव्हाचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंवरचा जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पा गेला, तेव्हा पार्सल त्या तारखेच्या अलीकडे आलं की पलीकडे, यावर काही जणांच्या बिलात चांगलाच फरक पडला असणार.

सगळ्यात जास्त डोकं लागतं ते वर्गवारीला. कस्टम्सच्या पुस्तकात प्रत्येक वस्तूला एचएस कोड, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक, असतो. आपलं बहुतेक सामान ९० व्या प्रकरणात येतं: ९००१ मध्ये चौकटीत न बसवलेली भिंगं आणि आरसे, ९००२ मध्ये बसवलेली, ९००५ मध्ये दुर्बिणी आणि त्यांचे भाग. म्हणजे नुसता दुय्यम आरसा मागवला तर एक शीर्षक, होल्डरसकट मागवला तर दुसरं. आयपीस म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली भिंगं, आणि दुर्बिणीचा भागही तोच. शिवाय ९८०४ हे खास वैयक्तिक वापराच्या वस्तूंचं शीर्षक आहे, त्याचा दर वेगळा. त्या शीर्षकाचा टॅरिफ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मांडला गेला. आपल्यासारख्या हौशी लोकांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही फार चांगली बातमी आहे, आणि तिची चर्चा आपल्यात फारशी झालेली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

म्हणून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडे दाखल झालेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागून घ्याच. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही. प्रतीवर कोड, असेसेबल व्हॅल्यू आणि तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या रकान्यांत दिसतात. आपल्या गटातल्या एकाच्या बिलात वाहतुकीचा खर्च २० टक्क्यांना न अडवता पूर्ण धरला होता. त्याने कुरियर कंपनीला शांतपणे नियम दाखवून विचारणा केली. विचारायला संकोच करू नका.

परवान्याचं काय? स्वतःच्या वापरासाठी, धंद्याशी संबंध नसलेली वस्तू आणायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नंबर, लागत नाही. कुरियरला ओळखपत्रं द्यावी लागतात, तेवढंच. पोस्टाने आलेलं पार्सल फॉरेन पोस्ट ऑफिसमध्ये कस्टम्सच्या नजरेखालून जातं आणि कर पोस्टमन दारात घेतो. पोस्टाला वेळ लागतो, पण हाताळणीचा खर्च कमी. मी दुय्यम आरसा पोस्टाने मागवला आणि आयपीस कुरियरने. आरसा नाजूक म्हणून उलट करायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण विक्रेत्याने फोममध्ये कोरून बसवून इतका नीट पाठवला की चरासुद्धा नव्हता.

आता थोडं कडक बोलतो. "विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांग, किंमत कमी टाकायला सांग" हा सल्ला आपल्यात अजून फिरतो. गिफ्ट म्हणून शुल्कमाफीने वस्तू सोडवण्याचा रस्ता डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाला आहे. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढाच अपवाद उरला. आणि कमी किंमत लिहिणं हे कायद्याने चुकीची माहिती देणं आहे. कस्टम्स ती किंमत नाकारू शकतं, माल जप्त करू शकतं, दंड लावू शकतं. वाटेत काच फुटली तर भरपाईही त्या खोट्या किमतीएवढीच मागता येणार. ज्या छंदात आपण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतका खरेपणा काचेकडून मागतो, तिथे कागदावर खोटं लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

पैसे वाचवायचा सरळ रस्ता वेगळाच आहे. युरोपातल्या दुकानांच्या किमतीत त्यांचा व्हॅट (तिथला विक्रीवरचा कर) मिळवलेला असतो, ब्रिटनमध्ये २० टक्के, जर्मनीत १९. माल त्यांच्या देशाबाहेर जात असेल तर तो व्हॅट लागू नसतो. काही दुकानं भारताचा पत्ता टाकला की तो आपोआप वजा करतात, काहींना पत्र लिहावं लागतं. तो वजा झाला की आपल्याकडचा करही त्या कमी किमतीवर बसतो, म्हणजे दुहेरी बचत. पैसे भरायच्या आधी हे बघितलंच पाहिजे.

या हिशेबाने माझ्या दुर्बिणीचा आराखडाच बदलला. तयार सहा इंची नळी मागवायचा विचार काही जण करतात. तिचं खोकं साधारण १३० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागून वजन धरतात, म्हणजे २३ किलोंच्या वर. करासाठी वाहतूक २० टक्क्यांना थांबली तरी वाहतुकीचे खरे पैसे पूर्ण द्यावेच लागतात. त्यामुळे लहान, हलकं आणि इथे बनत नाही तेवढंच बाहेरून, बाकी सगळं सोलापुरात, असं ठरवलं.

फोकसर हा सगळ्यात मोठा प्रश्न होता. क्रेफर्ड पद्धतीच्या फोकसरचं चित्र घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांचं रोजचं काम लूमच्या सुट्या भागांचं. चित्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "दात नाहीत, गिअर नाही, मग वर-खाली जातं कसं?" दांडी नळीवर नुसती दाबून फिरते, समोरून चार बेअरिंग नळीला आधार देतात, असं सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प बसले. "म्हणजे नळी सरळ पायजे. तेवढं माझ्यावर सोडा." आयपीसची नळी सव्वा इंची, ३१.७५ मिलिमीटर. त्यांनी भोक इतकं नेमकं काढलं की आयपीस आत सोडलं की हवा दाबत हळूहळू खाली बसतं. आमच्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या मागाचे भाग घडवले, त्या हातांना हे काम अवघड नाही. फक्त कोणी तरी मापासकट चित्र घेऊन जायला हवं. बाहेरच्या फोकसरवर जेवढा नुसता कर पडला असता, साधारण तेवढ्यात आख्खा फोकसर तयार झाला.

स्पायडरच्या पात्या स्टीलच्या पट्टीतून कापल्या. खालची पेटी प्लायवूडची, वर सनमायका, त्यावर टेफ्लॉनचे तुकडे, म्हणजे डॉबसन पद्धतीची, हाताने फिरवायची नेहमीची बैठक. नळी बंद न करता आठ दांड्यांची उघडी ठेवली आहे. त्यावर ओढायला काळं कापड हवं होतं. सोलापुरात कापड शोधायला लागत नाही. घट्ट विणीचं, प्रकाश न झिरपणारं सुती कापड घेऊन घरीच शिवलं. उन्हाळ्यात ते किती तापतं ते बघायचं आहे.

२५ आणि १० मिलिमीटर अशी दोन आयपीस घेतली. त्यांनी ४८ पट आणि १२० पट दिसतं. गुरू जानेवारी २०२६ मध्ये प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, होता, त्यानंतरही संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर यायचा. डॉबसनला डोक्यावरचं लक्ष्य त्रासाचंच, बैठक फिरता फिरत नाही. तरी १२० पटीत दोन्ही मुख्य पट्टे स्पष्ट वेगळे दिसले आणि एका चंद्राची सावली तबकडीवरून सरकताना बघायला मिळाली. कडेच्या दबलेपणाने प्रतिमा थोडी मऊ होते. आरशाच्या कडेवर कागदाची कडी ठेवून बघितलं तेव्हा फरक जाणवला.

पुढचं लक्ष्य ओमेगा सेंटॉरी, दक्षिण आकाशातला ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. सोलापूरच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून २५ अंशांपर्यंत चढतो, उत्तर भारतातल्या मित्रांना हे भाग्य नाही. एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास तो दक्षिणेला येतो, त्यासाठी शहराच्या दक्षिणेला, शहराचा उजेड पाठीमागे पडेल अशी जागा बघून ठेवली आहे. त्याआधी पेटीखालचं बेअरिंग बदलायचं आहे आणि दुय्यम आरशाचं सरळपण पुन्हा तपासायचं आहे.

एक विनंती. गेल्या वर्षभरात ज्यांनी आयपीस, फिल्टर किंवा दुय्यम आरसा मागवला असेल त्यांनी बिल ऑफ एंट्रीवरचा कोड, तिन्ही दर आणि तारीख एवढंच पाठवा. नाव, पत्ता, ओळखपत्राचे नंबर झाकून टाका. पोस्टाने आलं की कुरियरने तेही लिहा. पाचव्या भागात त्याचा तक्ता लावतो.