२६४ किलोबाइटमध्ये पायथन: माझा अनुभव

मोटरची कंपनं सेकंदाला ४०० वेळा मोजायची आणि हिशेब बोर्डवरच करायचा, एवढंच काम होतं. आधीची आवृत्ती एटीमेगा३२८पी या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवर सी भाषेत होती. तिथे रॅम अवघी २ किलोबाइट, त्यामुळे प्रत्येक अ‍ॅरे मोजूनमापून घ्यायची सवय होती. मग रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला, त्यावर मायक्रोपायथन (अशा छोट्या चिपसाठीचं पायथन) चढवलं, आणि २६४ किलोबाइट रॅम बघून ती सवय सुटली.

सुरुवात फार सुखाची होती. ओळ टाइप करायची, सेन्सरचं रजिस्टर (त्याच्या आतली मेमरीची छोटी जागा) लगेच उत्तर देतं. कंपाइल करा, फ्लॅश करा ही फेरीच नाही. जोडणीतली चूक मला अर्ध्या तासात सापडली. केवळ यासाठीसुद्धा मी ही भाषा पुन्हा निवडेन.

काही तास चालल्यावर मात्र प्रोग्रॅम मेमरीएरर (हवी तेवढी मेमरी मिळाली नाही, अशी चूक) देऊन थांबला. मोकळी रॅम विचारली, तर भरपूर शिल्लक! जागा होती, पण सलग नव्हती. मायक्रोपायथनचा गार्बेज कलेक्टर नको असलेले ब्लॉक मोकळे करतो, पण वापरातले ब्लॉक सरकवून जागा एकत्र करत नाही. शिवाय दोन वाचनांमध्ये २.५ मिलिसेकंद असतात आणि कलेक्टरची एक फेरी त्याहून जास्त वेळ घेत होती. म्हणजे मधली वाचनं गळतच होती आणि मला पत्ताही नव्हता.

मग दर फेरीला नवी रॅम कुठे मागितली जाते ते बघायला लूपमधली एकेक ओळ तपासली. आयटूसीवरून (सेन्सर जोडायच्या दोन तारांवरून) केलेलं साधं वाचन दर वेळी नवा बाइट्स ऑब्जेक्ट बनवतं. त्याऐवजी सुरुवातीलाच एक बाइटअ‍ॅरे (पुन्हा पुन्हा वापरता येणारी बाइट्सची जागा) घेऊन त्यातच वाचायला लावलं. फ्लोट (दशांश संख्या) काढून टाकले, कारण पिकोवर प्रत्येक फ्लोट हीपवर, म्हणजे कलेक्टर सांभाळतो त्या रॅममध्ये, जागा घेतो. पूर्णांकांनीही चकवलं. ३१ बिटांत मावणारा पूर्णांक फुकट, त्यापलीकडचा हीपवर. कंपनांच्या हिशेबात लागणारी १६ बिटी वाचनांच्या वर्गांची (स्क्वेअरची) बेरीज ती हद्द चटकन ओलांडते.

ती बेरीज शेवटी वायपर डेकोरेटर (फंक्शन थेट मशीन कोडमध्ये बदलायला सांगणारी खूण) लावून लिहिली. वेग कमालीचा वाढला, उत्तरं मात्र चुकीची. वायपरचा १६ बिटी पॉइंटर (मेमरीतून थेट वाचायची सोय) अधिक-उणे चिन्ह पाळत नाही, ऋण वाचन मोठी धन संख्या होऊन येतं. ते हाताने दुरुस्त करावं लागलं. बेरीज ३२ बिटांबाहेर गेली तरी वायपर तक्रार करत नाही, म्हणून प्रत्येक वर्ग आधी उजवीकडे शिफ्ट केला, म्हणजे बिट सरकवून लहान केला. इथे सीची जुनी सवय कामी आली.

आता कलेक्टर मुद्दाम बंद ठेवून लूप दहा हजार वेळा फिरवते आणि आधीची-नंतरची मोकळी मेमरी छापते. दोन्ही आकडे सारखे आले, तरच बोर्ड मोटरवर बसवते.